प्रमोटरच भाव दाबून ठेवतोय का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या पाच-सहा मित्रांनी एका बायोटेक कंपनीचे शेअर २१२ च्या आसपास घेतले. आज भाव ३८. कंपनीचं एक औषध तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत आहे, पण वर्षभर त्यावर ब्र निघालेला नाही. ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतो, प्रमोटर, म्हणजे कंपनीचा मूळ मालक, मुद्दाम भाव पाडून खालून माल गोळा करतोय, औषध पास झालं की उडवेल, नाहीतर कंपनी डीलिस्ट करून, म्हणजे शेअर बाजारातून काढून, मलई एकटा खाईल. दुसरा म्हणतो, सगळे चोर आहेत, पैसा कधीच बाहेर गेला. यातलं खरं काय, आणि ३८ ला ॲवरेज करावं का, म्हणजे आणखी घेऊन सरासरी भाव खाली आणावा का, असं विचारलंय.

मी शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीकडे नोंदवलेला सल्लागार नाही, त्यामुळे घ्या किंवा विका असं सांगणार नाही. पण बडोद्यातल्याच औषध कंपन्यांच्या हिशेब विभागात बरीच वर्षं काढली आहेत, आणि तुम्ही पाठवलेले कागद नीट वाचलेत. माझं मत आधीच सांगतो: प्रमोटर भाव दाबत नाहीये, कारण त्याला ते परवडणारच नाही. मात्र म्हणून शेअर चांगला आहे असं अजिबात नाही.

माणसाच्या मनात काय चाललंय ते मला कळत नाही. सेबीलाही ते शोधायला वर्षं लागतात. पण भाव पडला की त्याचा खिसा भरतो की फाटतो, हे एक्स्चेंजच्या साइटवर फुकट बघायला मिळतं. तिथून सुरुवात करू.

तुमच्या कंपनीचे एकूण शेअर ६ कोटी. प्रमोटरकडे ४१ टक्के, म्हणजे २ कोटी ४६ लाख. त्यातले ६३ टक्के प्लेज आहेत, म्हणजे साधारण १ कोटी ५५ लाख शेअर कोणा सावकाराकडे तारण पडलेत. भाव २१२ होता तेव्हा या तारणाची किंमत ३२८ कोटी होती. आज ती ५९ कोटी आहे. तारण असं आटलं की कर्ज देणारा फोन करतो: आणखी शेअर टाका, नाहीतर रोख भरा, नाहीतर आम्ही बाजारात विकतो. अशा माणसाला भाव पाडायची हौस कुठून येणार? प्लेज प्रमोटरच्या हिश्शाच्या ५० टक्क्यांवर किंवा एकूण भांडवलाच्या २० टक्क्यांवर गेलं की पैसे कशासाठी घेतले याचं कारण एक्स्चेंजला लेखी द्यावं लागतं. इथे दोन्ही मर्यादा ओलांडल्यात, म्हणजे तो कागद साइटवर असणारच. तो काढून वाचा. पैसे कंपनीसाठी घेतले की घरच्या दुसऱ्या धंद्यासाठी, एवढं त्यातून कळलं तरी पुष्कळ.

आता वॉरंट, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर घ्यायचा हक्क. तुमच्या ग्रुपचा सगळा संशय इथूनच निघालाय: ‘प्रमोटरने स्वतःला ५४ ला वॉरंट घेतले, म्हणजे त्याला आतली बातमी आहे.’ हिशेब करून बघा. ४० लाख वॉरंट, प्रत्येकी ५४ रुपये, म्हणजे २१ कोटी ६० लाख. नियमाप्रमाणे २५ टक्के आधी भरायचे असतात, म्हणजे वॉरंटमागे साडेतेरा रुपये, एकूण ५ कोटी ४० लाख. उरलेले साडेचाळीस रुपये वाटप झाल्यापासून १८ महिन्यांत भरायचे, नाही भरले तर आधीचे जप्त. आणि ५४ हा आकडा त्याने हवेतून काढलेला नाही. ठरलेल्या तारखेच्या आधीच्या ९० दिवसांची आणि १० दिवसांची बाजारातली भारित सरासरी, या दोन्हींत जी जास्त, त्याच्या खाली त्याला जाताच येत नाही. तेव्हा भाव पाडायचाच होता तर तो वॉरंट ठरायच्या आधी पाडायचा. नंतर पाडून स्वतःचंच नुकसान. आज बाजारात जो शेअर ३८ ला मिळतो, त्याच्यासाठी त्याला अजून साडेचाळीस भरायचेत.

म्हणूनच हे वॉरंट फार कामाचे आहेत, पण तुम्ही लावता त्या अर्थाने नाही. ते घेतले यात काही विशेष नाही. उरलेले १६ कोटी २० लाख तो खरंच भरतो का, यात सगळं आहे.

‘खालून माल गोळा करतोय’ याचंही तसंच. २५ ते ७५ टक्क्यांच्या मधल्या प्रमोटरला ओपन ऑफर, म्हणजे इतर भागधारकांचे शेअर घ्यायचा जाहीर प्रस्ताव, न देता वर्षाला ५ टक्के घेता येतात, आणि तिमाहीत १० लाखांवर व्यवहार झाला की दोन दिवसांत कळवावं लागतं. तुमच्या कंपनीत असं एकही पत्र नाही. गेल्या चार तिमाहींचे शेअरहोल्डिंग पॅटर्न, म्हणजे कोणाकडे किती हिस्सा याचे तक्ते, शेजारीशेजारी ठेवले: प्रमोटर ४१, ४१, ४१, ४१. आणि ज्यांच्याकडे २ लाखांपर्यंतचं दर्शनी भांडवल आहे अशा छोट्या गुंतवणूकदारांचा रकाना? १८ टक्क्यांवरून ३१. फंड आणि कंपन्यांचा हिस्सा तेवढाच उतरलाय. म्हणजे खालून माल कोणीतरी गोळा करतंय हे खरंच आहे. ते तुम्ही लोक आहात.

यावर कोणीतरी म्हणेल, तो दुसऱ्याच्या नावाने घेतोय. सयाजीगंजात फॉर्च्युन टॉवरमध्ये आपला बडोद्याचा शेअर बाजार होता त्या काळापासून हे ऐकतोय. असं कधीच होत नाही असं मी म्हणणार नाही. पण ज्याचे स्वतःचे शेअर गहाण आहेत त्याने बेनामी खरेदीला पैसा आणायचा कुठून, याचं उत्तर त्या थिअरीत नसतं.

कमी भाव ज्याला खरंच सोयीचा असतो तो प्रमोटर वेगळा दिसतो: हिस्सा ७०-७५ टक्के, प्लेज शून्य, कंपनीवर कर्ज नाही, बँकेत ठेवी, आणि लाभांशाला हात आखडता. तिथे डीलिस्टिंगची शंका घ्यायला जागा असते. तुमच्या कंपनीत ती नाही. डीलिस्ट करायला आधी ठराव लागतो, त्यात लोकांची बाजूची मतं विरोधातल्या मतांच्या किमान दुप्पट हवीत. नेहमीच्या रिव्हर्स बुक बिल्डिंगने, म्हणजे भागधारकच आपला भाव सांगतात त्या पद्धतीने, जायचं तर प्रमोटरचा हिस्सा ९० टक्क्यांवर गेला पाहिजे. ४१ वरून ९० म्हणजे २ कोटी ९४ लाख शेअर, आजच्या भावानेही ११२ कोटींच्या घरात, आणि आजच्या भावाला कोणी देणारही नाही. तो विषय सोडून द्या.

मग वर्षभर गप्प का? याचं उत्तर कारस्थानापेक्षा कंटाळवाणं आहे. औषध कंपनीत पैसा कमी पडला की काय क्रमाने थांबतं ते आतून पाहिलंय. आधी प्रवास आणि परिषदा. मग चाचणी चालवणाऱ्या सीआरओची बिलं ‘पुढच्या महिन्यात’ ढकलली जातात. मग हॉस्पिटलांतल्या डॉक्टरांचं मानधन अडकतं. तो डॉक्टर भांडत बसत नाही, नवे रुग्ण घेणं बंद करतो, बस. त्याच सुमारास छोट्या पुरवठादारांचे फोन अकाउंट्सला यायला लागतात, आणि टेबलावरचा मुलगा ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ म्हणायला शिकतो. त्यानंतर पीएफ आणि टीडीएस उशिरा भरले जातात. पगार सगळ्यात शेवटी अडतो, कारण पगार अडला की बातमी गावभर होते. बाहेरून मात्र तुम्हाला एवढंच दिसतं की कंपनी निकाल सांगत नाही. निकाल लपवलेला नसतो. निकाल लागायला लागतात तेवढे रुग्णच भरती झालेले नसतात.

हे तपासता येतं. भारतात चाचणी सुरू करायच्या आधी ती सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदवणं १५ जून २००९ पासून सक्तीचं आहे, आणि ती कोणालाही उघडून बघता येते. औषधाच्या किंवा कंपनीच्या नावाने शोधा. किती रुग्ण घ्यायचे ठरले होते, कुठल्या हॉस्पिटलांत, भरतीची स्थिती काय, मुख्य निकष कोणता, सगळं असतं. तुमच्या कंपनीची नोंद मी उघडली. रुग्ण ३२० घ्यायचेत, आणि नोंद शेवटची बदलली त्याला वर्ष उलटून गेलंय. काही केंद्रांच्या एथिक्स कमिटीची मंजुरी अजून ‘सादर केली’ एवढ्यावरच अडकली आहे. चाचणी जोरात असली की नोंद अशी पडून राहत नाही. दुसरी जागा सीडीएससीओ या केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेची साइट. तिथे तज्ज्ञ समितीच्या बैठकींची इतिवृत्तं टाकलेली असतात, आणि समितीने आणखी माहिती मागितली की परवानगी नाकारली हे दोन-चार ओळींत साध्या भाषेत असतं. ही इतिवृत्तं कोणी वाचत नाही, सगळे टीव्हीवरचा अंदाज ऐकतात.

उद्या निकाल आलाच तर एक काम करा. कंपनीच्या पत्रकात काय लिहिलंय ते बाजूला ठेवा, सीटीआरआयमधला मुख्य निकष आधी वाचा. तिथे ‘२४ आठवड्यांनी अमुक इतका फरक’ असं असेल आणि पत्रकात ‘एका उपगटात उत्साहवर्धक कल’ असं आलं, तर मुख्य निकष हुकला असं धरून चाला. तसंही पहिल्या टप्प्यात उतरलेल्या दहा औषधांतलं जेमतेम एक बाजारापर्यंत पोचतं, जगभरचा हाच अनुभव आहे. नापास होण्यात लबाडी असतेच असं नाही. नापास झालेलं पास भासवण्यात असते.

आता दुसऱ्या तटाकडे, म्हणजे ‘सगळे चोर’वाल्यांकडे. यांच्याकडे पुरावा नाही, पण यांचं नाक बरोबर दिशेला आहे. सहामाही कॅश फ्लो, म्हणजे रोख पैशाच्या ये-जाचा तक्ता, बघा. सगळे जण वरचा भाग बघतात: कामकाजातून १३ कोटी बाहेर गेले. बरं वाटतं, कारण बँकेत ३१ कोटी आहेत. पण खाली गुंतवणुकीच्या भागात आणखी ९ कोटी ‘विकासाधीन अमूर्त मालमत्ता’ या नावाने गेलेत. तो चाचणीचाच खर्च आहे, फक्त तो नफा-तोट्यात न दाखवता मालमत्ता म्हणून ताळेबंदात चढवलाय. हिशेबाच्या नियमांत याला मुभा आहे, पण ते औषध पूर्ण होईल, विकलं जाईल आणि त्यासाठी पैसा हाताशी आहे, हे कंपनीला दाखवता आलं पाहिजे. तर खरी गळती सहा महिन्यांत २२ कोटी. आणि ३१ कोटींतले ९ कोटी गेल्या वार्षिक अहवालाच्या टिपेप्रमाणे बँकेकडे मार्जिन म्हणून अडकलेल्या एफडी आहेत, त्यांना हात लावता येत नाही. उरले २२. सप्टेंबरअखेरपासून सहा महिने, म्हणजे मार्च. शिवाय वर्षभरात फेडायचं ४० कोटींचं कर्ज वेगळंच.

ताळेबंदात ही ‘विकासाधीन’ मालमत्ता आतापर्यंत ११८ कोटींची झाली आहे, आणि कंपनीचं एकूण नेटवर्थ, म्हणजे देणी वजा जाता उरणारी मालमत्ता, १४० कोटी. औषध फसलं की ११८ एका फटक्यात पुसले जातात. ग्रुपमधले जे काका ‘बुक व्हॅल्यू (शेअरमागचं नेटवर्थ) तरी २३ आहे ना’ म्हणतायत, त्यांना हे दाखवा. उरलेल्या २२ कोटींचे शेअरमागे ३ रुपये ६७ पैसे होतात. २०२१ पासून या मालमत्तेचं वय दाखवणारा तक्ता वार्षिक अहवालात द्यावा लागतो. तीन वर्षांवरचा रकाना फुगलेला दिसला की समजायचं, बाळ चालायला लागायची वेळ कधीच होऊन गेली आहे.

ऑडिटरच्या अहवालाला कारो या सरकारी आदेशाप्रमाणे द्यायचं परिशिष्ट असतं, ते शेवटच्या पानांत असल्यामुळे कोणी तिथवर जात नाही. पीएफ, टीडीएस, जीएसटी सहा महिन्यांहून जास्त थकले का, बँकेचा हप्ता चुकला का, रोख तोटा झाला का, पुढच्या एका वर्षातली देणी भागतील का, हे सगळं त्यात कलमवार लिहावं लागतं. तुमच्या कंपनीच्या गेल्या अहवालात पीएफची थकबाकी आहे. रक्कम किरकोळ आहे, पण वर सांगितलेला क्रम आठवा. सीएफओने, म्हणजे वित्तप्रमुखाने, दिवाळीच्या आधी राजीनामा दिला, ‘वैयक्तिक कारणामुळे’. त्यावरून काही सिद्ध होत नाही. पण पैशाची गळती, पीएफची थकबाकी आणि हा राजीनामा, मी हे तिन्ही एकाच ओळीत मांडतो.

तरीही मला हा चोरीचा मामला वाटत नाही, आणि कारस्थानाचाही नाही. मला हा पगाराचा मामला वाटतो. एमडीचा, म्हणजे प्रमोटरचाच, पगार वर्षाला २ कोटी ४० लाख. तोट्यातल्या कंपनीत मर्यादेवर पगार द्यायचा तर विशेष ठराव लागतो, तो गेल्या सभेत ९७ टक्के मतांनी पास झालाय. प्रयोगशाळेची जागा प्रमोटरच्या कुटुंबाची आहे आणि तिचं भाडं कंपनी भरते. सहामाही संबंधित पक्षांच्या तपशिलात ते आहे. म्हणजे औषध पास होवो न होवो, कंपनी चालू आहे तोवर घर चालतं. अशा माणसाला ना भाव पाडायची गरज, ना चाचणी घाईने संपवायची. चाचणी चालू आहे तोवर आशा आहे, आशा आहे तोवर नवा पैसा मिळतो. यात बेकायदा काहीच नाही, म्हणून कुठल्या तक्रारीने ते थांबतही नाही. तुमच्यापैकी किती जणांनी त्या ठरावावर ई-व्होटिंग केलं होतं, ते मात्र एकमेकांना विचारा.

हेतू काहीही असो, शेवटी काय होतं हे बडोदेकरांना वेगळं सांगायला नको. स्टर्लिंग बायोटेक आपल्याच गावची, पादरा तालुक्यात मासरला तिचा जिलेटिनचा कारखाना. २०१७ मध्ये बँक कर्जांच्या प्रकरणात सीबीआयने गुन्हा नोंदवला, मे २०१९ मध्ये एनसीएलटी या कंपनी न्यायाधिकरणाने लिक्विडेशनचा, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवायचा, आदेश दिला, आणि २०२२ मध्ये पर्फेक्ट डे या अमेरिकन कंपनीने ती चालू स्थितीत विकत घेतली. कारखाना वाचला. पण दिवाळखोरी कायद्याच्या कलम ५३ मध्ये पैसे वाटायचा जो क्रम आहे, त्यात शेअरहोल्डर सगळ्यात शेवटी उभा असतो, आणि बँकांचीच हजारो कोटींची देणी भागत नव्हती. ‘कंपनी बुडणार नाही’ आणि ‘शेअर बुडणार नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ग्रुपवर त्या एकच समजून बोललं जातं.

उलटं उदाहरणही आहे. वोक्हार्ट या औषध कंपनीच्या वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांवर २०१३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने आयातबंदी लावली. त्यानंतर कंपनीची इतकी वर्षं वाईट गेली की २०२३ च्या सुरुवातीला भाव दीडशेच्या आसपास आला होता. २०२४ मध्ये तोच हजारावर गेला. हे उदाहरण ॲवरेज करणारे सगळे देतात. मधला भाग मात्र कोणी सांगत नाही: २०२० मध्ये भारतातल्या ब्रँडचा एक गट आणि बद्दीचा कारखाना डॉ. रेड्डीजला विकला, २०२२ मध्ये राइट्स इश्यू आणला, म्हणजे जुन्याच भागधारकांना नवे शेअर देऊन पैसा उभा केला, आणि तो पैसा अँटिबायोटिकच्या संशोधनाला श्वास द्यायला उपयोगी पडला. त्यांच्याकडे विकायला काहीतरी होतं. तुमच्या कंपनीकडे गहाण नसलेलं असं काय आहे, ते मला कागदांत सापडलं नाही.

एक तिरकी गोष्ट. तुम्ही लिहिलंय की एकाचा मेहुणा त्याच प्लांटमध्ये आहे आणि ‘आतून बातमी चांगली आहे’ म्हणतो. आपल्या गावात प्रत्येकाचा कोणीतरी कुठल्यातरी प्लांटमध्ये असतोच, पादरा रोडला नाहीतर हालोलला. बातमी खोटी असेल तर तिची किंमत शून्य. खरी असेल तर ती अप्रकाशित माहिती आहे, आणि तिच्यावर खरेदी केली तर गुन्हा तुमचा आणि नोकरी मेहुण्याची. त्याला विचारायचंच असेल तर सुखदुःख विचारा.

ॲवरेजबद्दल. तुमचे ४०० शेअर २१२ ला, म्हणजे ८४,८०० रुपये, आज १५,२००. अजून ४०० घेतलेत ३८ ला, तर सरासरी १२५ होते. स्क्रीनवर आकडा छान दिसतो, पण मुद्दल सुटायला भाव सव्वातीन पट व्हावा लागेल, आणि दरम्यान तुम्ही अशा कंपनीत नवे १५,२०० घातलेत जिच्याकडे मार्चपुढचा पैसा दिसत नाही. गेलेले ६९,६०० विसरून फक्त एवढं ठरवा: हे १५,२०० आज हातात रोख असते तर याच शेअरमध्ये टाकले असते का?

तोटा बुक करण्याला एक हिशेबी बाजूही आहे. वर्षावर धरलेल्या शेअरचा तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यासमोर वळता होतो, आणि रिटर्न वेळेत भरलं तर आठ वर्षं पुढे नेता येतो. पण त्यासाठी शेअर विकला गेला पाहिजे. एकदा ट्रेडिंग स्थगित झालं की विकायला बाजारच उरत नाही, आणि तोटा डिमॅटमध्ये नुसता पडून राहतो. पाच टक्क्यांचं खालचं सर्किट, म्हणजे एका दिवसात भाव पडायची मर्यादा, लागून खरेदीदारच नसलेले दिवस तुम्ही पाहिलेतच.

थांबायचंच ठरवलं तर डोळा वॉरंटवर ठेवा. १८ महिन्यांची मुदत मार्चमध्ये संपते. प्रमोटरने बाजारापेक्षा महाग पडूनही १६ कोटी २० लाख भरले, तर चार-साडेचार महिन्यांची सोय होते, आणि मला माझ्या ‘पगाराचा मामला’ या मताचा पुन्हा विचार करावा लागेल. तो पैसा कुठून आला, नवं प्लेज करून की घरातून, हेही बघा. भरले नाहीत आणि ५ कोटी ४० लाख जप्त होऊ दिले, तर आतल्या माणसाने स्वतःच्या कंपनीची किंमत काय धरली ते तुम्हाला लेखी मिळालं. रूपांतर झालं तर वाटपाचं पत्र एक्स्चेंजवर येईल. तिमाहीचा शेअरहोल्डिंग पॅटर्न २१ दिवसांत, म्हणजे २१ एप्रिलपर्यंत येतो. त्यात प्रमोटरचा रकाना ४१ वरून ४४.७ वर गेलाय का, आणि शेजारी प्लेजचा आकडा किती, एवढे दोन आकडे बघितले तरी चालेल.